सिव्हिल लाइन्सच्या अलीकडे

डिसेंबर लागला की नागपुरात लोखंडी कठडे रस्त्यावर उतरतात. ट्रकमधून आणून आधी ते फुटपाथला टेकवून ठेवतात आणि हिवाळी अधिवेशन सुरू झालं की रोज सकाळी टेकडी रोडवर, मॉरिस कॉलेज टी पॉइंटला आडवे लावतात. सीताबर्डीतून, म्हणजे आमच्या बर्डीतून, रोज जा-ये करणाऱ्याला त्याचं नवल वाटत नाही. या दिवसांत कुठून वळायचं, ऑटो कुठे सोडायचा, हे अंगवळणी पडलेलं असतं. ऑटोवालाही एवढंच विचारतो, "मोर्चा निघाला का जी?"

काही वर्षांपूर्वी असाच टी पॉइंटला अडकलो होतो. अंगणवाडी सेविकांचा मोर्चा कठड्यापाशी येऊन बसला होता. डांबरावर अंथरलेल्या चादरी, पाण्याच्या बाटल्या, उन्हासाठी डोक्यावर ओढलेले पदर. कडेला बसलेल्या एका बाईंच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं निवेदन होतं. त्यांनी विचारलं, "भाऊ, इथून विधानभवन किती दूर हाय?" मी म्हटलं, "चालत दहा-बारा मिनिटं." त्या चिमूर तालुक्यातून रात्रीच निघाल्या होत्या. "मंग दहा मिनिटांसाठी काहून अडवून ठेवलं?" मी म्हटलं, "जमावबंदी आहे, ताई." त्या गप्प झाल्या. मीही गप्प झालो आणि गर्दी जरा सुटल्यावर निघून गेलो.

शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस मी. त्या बाईंचा प्रश्न विचारून याच शहरात शंभर वर्षांपूर्वी दीड हजारांहून अधिक माणसं तुरुंगात गेली होती, हे मला त्या वेळी आठवायला हवं होतं. घरी पोचल्यावर आठवलं, आणि तेव्हापासून ते डोक्यातून गेलेलं नाही.

नागपूरच्या स्वातंत्र्यलढ्याने एक अगदी नेमका हक्क मिळवला होता. आपला झेंडा हातात घेऊन, सार्वजनिक रस्त्याने, सरकारच्या दारापर्यंत चालत जाण्याचा. तो हक्क आपण कधी गमावला हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तो परत मागितला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आधी त्या झेंड्याची गोष्ट, कारण आमच्याच शहरातल्या पोरांना ती धड माहीत नसते. दांडी माहीत असते, चौरीचौरा माहीत असतं. आज विधानभवन जिथे आहे ती सिव्हिल लाइन्स माहीत असते ती फक्त मोठ्या बंगल्यांची वस्ती म्हणून. १९२३ साली गांधीजी येरवड्यात होते. असहकार आदल्या वर्षी थांबवला गेला होता. कायदेमंडळात शिरायचं की नाही यावर काँग्रेसमध्ये दोन तट पडले होते आणि कार्यकर्ता घरी बसला होता. त्या मरगळीत जबलपूरला नगरपालिकेच्या इमारतीवर लागलेला चरख्याचा झेंडा पोलिसांनी उतरवला. तिथून तो प्रश्न नागपुरात आला. १३ एप्रिलला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, झेंडा घेऊन निघालेली मिरवणूक सिव्हिल लाइन्सच्या तोंडाशी अडवली गेली, मारहाण झाली. मग १ मेपासून रीतसर सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व वर्ध्याच्या जमनालाल बजाजांकडे होतं. जिल्हा मॅजिस्ट्रेटने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ कलमाखाली हुकूम काढला होता की झेंडा घेऊन मिरवणुकीने सिव्हिल लाइन्समध्ये जायचं नाही. शहरात कुठेही फिरा, तिकडे नको.

मागणी किती लहान होती पाहा. सरकार उलथवायचं नव्हतं, करबंदी नव्हती, कुठल्या इमारतीवर चढायचं नव्हतं. एका रस्त्याने चालत जायचं होतं. रोज एक तुकडी निघे, हद्दीवर अडवली जाई, पकडली जाई. दुसऱ्या दिवशी दुसरी निघे. गुजरातहून, बिहारहून, दक्षिणेतून माणसं गाडीत बसून नागपूर स्टेशनवर उतरू लागली, ती फक्त अटक करून घ्यायला. सुभद्राकुमारी चौहानांसारखी तरुण कवयित्री त्यांत होती. जमनालालजी पकडले गेल्यावर सूत्रं वल्लभभाई पटेलांनी हाती घेतली, विठ्ठलभाईंनी गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्याशी बोलणी केली, आणि १८ ऑगस्टला झेंड्यासह मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली. पोलिसांनी अडवली नाही. पुढे कैदी सुटले.

यानंतर जो वाद झाला तो मला मिरवणुकीहून महत्त्वाचा वाटतो. सरकारी पक्ष म्हणे, यांनी परवानगी मागितली म्हणून आम्ही जाऊ दिलं. वल्लभभाई म्हणत, आम्ही परवानगी मागितलेलीच नाही. वरवर पाहता शब्दांचा कीस. पण सारा सत्याग्रह त्या एका शब्दावर उभा होता. परवानगीने चालणारा माणूस प्रजा असतो. रस्ता माझाच आहे म्हणून चालतो तो नागरिक. १०९ दिवस आणि दीड हजार कैद एवढी किंमत मोजून आमच्या शहरात हा फरक ठसवला गेला होता.

त्याच सत्याग्रहातली एक बारीक गोष्ट सांगतो. जमनालालजींना कैदेबरोबर तीन हजार रुपये दंड झाला. दंड भरायचा नाही हे ठरलेलंच होतं, म्हणून सरकारने त्यांची मोटार जप्त करून लिलावाला काढली. बोली लावायला नागपुरात माणूस मिळेना. व्यापाऱ्यांच्या शहरात, मोटारीचं अप्रूप असलेल्या त्या काळात, चालू स्थितीतली गाडी कुणालाच नको होती. शेवटी ती विकायला लांब काठियावाडात न्यावी लागली.

याच शहरात याआधीही एक लिलाव झाला होता. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि १८५४ साली राज्य खालसा झालं. सैन्य न हरवता, तह न मोडता, एका कागदावर. मग राजवाड्यातले जडजवाहीर कलकत्त्याला गेले, आणि हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात कवडीमोलाने निघाले. बांकाबाईंसारखी वृद्ध राणी जिवंत असताना तिच्या डोळ्यांदेखत हे झालं. तेव्हा बोली लावायला लोक होते. १८५४ आणि १९२३ या दोन लिलावांच्या मधल्या सत्तर वर्षांत या शहरातल्या माणसाच्या मनात काहीतरी पालटलं होतं. राष्ट्रीय चळवळीचा उदय म्हणजे काय, असं विद्यार्थी विचारायचे तेव्हा मी हे दोन लिलाव शेजारी शेजारी ठेवायचो. कुठल्याही व्याख्येपेक्षा ते पोरांना लवकर समजायचं.

पालटलं कसं? त्यासाठी इंग्रजी राज्य इथे कोणत्या रूपात आलं हे पाहावं लागतं. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज हरली आणि पुढे त्याच टेकड्यांवर इंग्रजांनी किल्ला बांधला. महाल, इतवारी, जुनं सगळं शहर त्या किल्ल्यावरून दिसतं. आजही वर्षातून मोजक्या दिवशी, २६ जानेवारी, १५ ऑगस्टला, तो लोकांसाठी उघडतो, सहावीतल्या एका मुलीने तिथे मला विचारलं होतं, "सर, हा किल्ला आपल्याला वाचवायला बांधला की आपल्यावर नजर ठेवायला?" पुस्तकात हा प्रश्न नाही. मग १८६१ ला मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी झाली. १८६७ ला मुंबईहून रेल्वे पोचली. रुळांच्या पूर्वेला शहर राहिलं, पश्चिमेला साहेब लोकांची वस्ती वाढली. रुंद रस्ते, गर्द झाडी, कचेऱ्या, क्लब. नेटिव्ह माणूस तिकडे जाई तो कामाने किंवा अर्ज घेऊन.

शहराबाहेरही अशाच रेघा ओढल्या गेल्या. सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराला गावाची मालकी मिळाली आणि कुळाच्या पायाखालची जमीन कागदावर दुसऱ्याची झाली. भंडारा-गोंदियाकडे आजही ज्यांना मामा तलाव म्हणतात, ते माजी मालगुजारी तलाव त्या काळाची आठवण आहेत. जंगल सरकारी झालं. ज्या रानातून गोंड, कोरकू, गोवारी पिढ्यानपिढ्या गवत, बांबू, मोहफुलं आणत होते तिथे नाकं आली, पास आला, गार्ड आला. मिठाचा कायदा समुद्रकाठच्या माणसाला टोचला तसा जंगलचा कायदा वैदर्भीय माणसाला टोचला. म्हणून १९३० साली देशाने मीठ उचललं तेव्हा इकडे अकोल्याजवळ दहिहांड्याला खारपाणपट्ट्यातल्या विहिरीच्या पाण्याचं मीठ काढून पाहिलं, आणि मग लोकनायक बापूजी अणे १० जुलैला पुसदजवळ गवत कापायला गेले. ओंजळभर गवत. ते कापणं गुन्हा होता.

एम्प्रेस मिलची गोष्ट इथे टाळून चालणार नाही, कारण ती माझ्या मांडणीला सोयीची नाही. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ ला सुरू केली, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर झाली त्याच दिवशी, आणि नावही तेच दिलं. राणीच्या नावाची ही गिरणी हिंदी भांडवलाने, हिंदी माणसांनी उभी केली आणि मँचेस्टरच्या कापडाला टक्कर दिली. नागपुरातल्या हजारो घरांची चूल तिने पेटती ठेवली. उमरेडच्या, नागपूरच्या कोष्ट्याच्या हातमागाला गिरणीच्या कापडाने घेरलं हेही तितकंच खरं. वासाहतिक काळाकडे पाहताना काळं-पांढरं करू नये असं म्हणणाऱ्यांशी माझं इथवर एकमत आहे. पण त्याच वाक्याला जोडून "इंग्रजांनी रेल्वे दिली, कॉलेजं दिली" असं जेव्हा म्हटलं जातं तेव्हा मी थांबतो. रेल्वे वऱ्हाड-नागपूरचा कापूस बंदरावर न्यायला आली. तिच्याच गाडीत बसून १९२३ चे सत्याग्रही आले, हे देणाऱ्याचं औदार्य कसं म्हणायचं? ज्याने ती गाडी आपल्या कामाला लावली त्याची ती करामत होती.

चळवळ नागपुरात एकाएकी उगवली नाही. १९०७ चं काँग्रेस अधिवेशन नागपूरलाच भरायचं होतं. जहाल-मवाळांची इथे अशी जुंपली की ते सुरतेला हलवलं गेलं, आणि सुरतेत काँग्रेस फुटली. तेरा वर्षांनी, डिसेंबर १९२० मध्ये, नागपूरने ती संधी परत मिळवली. ज्या जागी ते अधिवेशन भरलं तिला आज आम्ही काँग्रेसनगर म्हणतो. असहकाराच्या ठरावावर तिथे शिक्कामोर्तब झालं, पण माझ्या मते त्याहून टिकाऊ काम त्या अधिवेशनाने संघटनेच्या घटनेत केलं. सभासदत्वाची वर्गणी चार आणे ठरली. प्रांतिक समित्या भाषेनुसार आखल्या गेल्या. इंग्रजीत भाषणं ठोकणाऱ्या वकिलांच्या सभेत चार आणे देणारा शेतकरी आपल्या भाषेत बोलू लागला. सर्वांनाच ते रुचलं नाही. जिनांनी त्या मांडवात विरोध केला, त्यांची हुर्यो झाली आणि ते काँग्रेसबाहेर पडले. तो दिवस आनंदाने सांगण्याजोगा नाही. न पटणारं बोलणाऱ्याला ओरडून खाली बसवणं हीही एक वाट अडवणंच.

आणि सिव्हिल लाइन्सच्या तोंडाशी होती तेवढीच एक वेस शहरात होती असं कुणी समजू नये.

त्याच १९२० साली, ३० मे ते १ जून, कस्तुरचंद पार्कवर अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली होती. अध्यक्ष छत्रपती शाहू महाराज. तरुण भीमराव आंबेडकर त्या परिषदेला होते आणि आमचे प्रतिनिधी आम्हीच निवडणार, दुसऱ्या कुणी आमच्या वतीने नेमायचे नाहीत, हा आग्रह त्यांनी तिथे धरला. पाचपावलीत किसन फागू बनसोडे मुलींची शाळा काढून बसले होते. म्हणजे सात महिन्यांच्या अंतराने एका शहरात दोन मांडव पडले, दोन्हींत स्वराज्याचीच भाषा होती, आणि आमच्या पाठ्यपुस्तकात एकच मांडव आला. डिसेंबरच्या काँग्रेसने अस्पृश्यतेचा कलंक काढण्याचं आवाहन ठरावात घातलं हे नोंदवायला हवं. पण ठरावाने विहीर उघडत नाही. सिव्हिल लाइन्सचा रस्ता आपला म्हणणाऱ्या अनेकांच्या गावात महारवाड्यातल्या माणसाला पाणवठ्याची वाट बंद होती.

८ ऑगस्ट १९३० ला डॉ. आंबेडकर पुन्हा नागपुरात अस्पृश्यांच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून उभे राहिले. जंगलात गवत कापलं जात होतं तेच दिवस होते. नोव्हेंबरात लंडनच्या गोलमेज परिषदेत त्यांनी इंग्रज सरकारला तोंडावर विचारलं की, तुमच्या राज्यापूर्वी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, देवळात जाता येत नव्हतं, पोलिसात भरती होता येत नव्हतं. तुम्ही आल्यावर यातलं काय बदललं? आणि म्हणून आम्हालाही लोकांचं, लोकांनी चालवलेलं सरकार हवं. आंबेडकरी चळवळ स्वातंत्र्यलढ्याच्या बाहेर होती असं आजही सभांतून सर्रास बोललं जातं. ज्यांना तसं वाटतं त्यांनी हातातली मोजपट्टी तपासावी. स्वातंत्र्य म्हणजे फक्त सत्तांतर असं धरलं तर तसं दिसेल. अडवलेल्या वाटेवर पाऊल टाकण्याचा हक्क असं धरलं, तर चवदार तळं आणि सिव्हिल लाइन्स ही एकाच लढ्याची दोन ठाणी दिसतात, आणि चवदार तळ्याची चढण जास्त कठीण होती. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेबांचं शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन नागपुरात स्थापन झालं. तीनच आठवड्यांनी 'चले जाव'चा वणवा पेटला, १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टीत रक्त सांडलं, आणि १९ जानेवारी १९४३ ला शंकर महाले हा जेमतेम विशीतला पोरगा नागपूरच्या तुरुंगात फाशी गेला. हे सगळं एकाच प्रदेशाने, सहा महिन्यांत पाहिलं. यातलं कुठलं आपलं आणि कुठलं परकं, अशी वाटणी करायला माझं मन घेत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप सरळ आहे. तेव्हा राज्य परकं होतं, आता आपलं आहे. मत देता येतं, आमदार निवडता येतो, कोर्टात जाता येतं. मग रस्ता अडवून काय साधायचं? या आक्षेपामागे खुद्द बाबासाहेबांचा आधार दिला जातो. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत ते म्हणाले होते की, घटनात्मक मार्ग उपलब्ध झाल्यावर असहकार, कायदेभंग, सत्याग्रह यांना जागा उरत नाही. त्यांनी त्याला अराजकाचं व्याकरण म्हटलं. हे विधान मी कधी बाजूला सारत नाही. ते पूर्ण गांभीर्याने घेतलं तर मात्र ते माझ्याच बाजूने येतं. त्याच संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा मूलभूत हक्क दिला आहे. म्हणजे शांत मोर्चा हाच घटनात्मक मार्ग आहे. चिमूरहून निवेदन घेऊन आलेली बाई कायदा मोडत नव्हती. दहा मिनिटांच्या अंतरावर कठडा लावून तिच्या चालण्यालाच कायदेभंग ठरवलं गेलं. घटनात्मक मार्ग मोकळा ठेवायची जबाबदारी ज्याची, त्यानेच तो बंद केला तर दोष चालणाऱ्याला कसा द्यायचा?

आणि कायदा तोच आहे. १९२३ ला १८९८ च्या संहितेतलं १४४ कलम होतं. १९७३ ला नवी संहिता आली, कलमाचा आकडासुद्धा बदलला नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यात ते १६३ झालं. वासाहतिक वारसा पुसायचा म्हणून हा बदल केल्याचं सांगितलं गेलं. आकडा पुसला गेला, अधिकार तसाच राहिला. कलमच नको असं मी म्हणत नाही. दंगलीच्या गावात ते लागतं, आम्ही ते पाहिलेलं आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात स्पष्ट केलं आहे की, असा हुकूम कारणांसह असावा, तो प्रसिद्ध करावा, आणि लोकांचं रास्त म्हणणं किंवा गाऱ्हाणं दाबायला तो वापरू नये. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या चौकात, कुठल्याही मोर्च्याचं तोंड न पाहता लागणारा हुकूम या कसोटीला उतरतो का? मला वाटतं, नाही.

दुसरा आक्षेप वाहतुकीचा आणि सुरक्षेचा. तो खरा आहे. दिवसाला आठ-दहा मोर्चे, अरुंद बर्डी, मध्येच अडकलेली रुग्णवाहिका, परीक्षेला निघालेली मुलं. पण गर्दी अडवून ठेवली की ती सुरक्षित होते ही समजूत नागपूरने फार मोठी किंमत देऊन खोटी ठरलेली पाहिली आहे. २३ नोव्हेंबर १९९४. अनुसूचित जमातीत आपली नोंद व्हावी ही एक मागणी घेऊन गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. गुरं राखणारी माणसं. गावोगावहून बायका, कडेवरची लेकरं, म्हातारीकोतारी. कुणीतरी मंत्री बाहेर येईल, ऐकून घेईल, म्हणून दिवसभर रस्त्यावर बसून राहिली. कुणी आलं नाही. संध्याकाळच्या सुमारास रेटारेटी झाली, लाठ्या चालल्या, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. त्यांत बहुतेक बाया आणि मुलं. त्या रात्री मेडिकल रुग्णालयासमोर उभा असलेला प्रत्येक नागपूरकर ते विसरू शकलेला नाही. मी विसरलेलो नाही. आज झिरो माईलजवळ त्यांचं स्मारक आहे, बर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. पुलावरून गाड्या जातात. खाली कठडे लागतात.

ते लोक दारापर्यंत पोचले असते, एखाद्या मंत्र्याने बाहेर येऊन दोन शब्द ऐकून घेतले असते, तर त्या दिवशी काय झालं असतं हे मला रोज त्या पुलाखालून जाताना वाटतं. सरकारी भाषेत एक शब्दप्रयोग आहे, मोर्च्याला सामोरं जाणं. पूर्वी मंत्री खरोखरच मोर्च्याला सामोरे जात. आता बहुधा पाच जणांचं शिष्टमंडळ गाडीत बसवून आत नेतात, बाकीचे कठड्यापाशी बसून त्यांची वाट पाहतात. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाने सरकार पाहिलं म्हणजे पोलिसांची रांग पाहिली, एवढंच.

आपल्या राज्याला हिसकावलेलं परत देता येतं, याचा दाखला विदर्भातच आहे. १९३० ला ज्या गवतासाठी माणसं तुरुंगात गेली, त्या जंगलावरचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला. त्या कायद्याच्या उद्देशिकेतच ऐतिहासिक अन्याय हे शब्द आहेत. २००९ मध्ये गडचिरोलीच्या मेंढा लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, पुढे बांबूच्या वाहतुकीचे पासही ग्रामसभेच्या हाती आले. १९२७ चा वन कायदा अजून पुस्तकात आहे, तरीही हे झालं. आणि ते आपोआप झालं नाही. जागोजागच्या मोर्च्यांनी, धरण्यांनी ते घडवून आणलं. जंगलाच्या बाबतीत जे करता आलं ते एका किलोमीटरभर रस्त्याच्या बाबतीत का करता येऊ नये?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. टी पॉइंटपासून विधानभवनापर्यंत रस्त्याची एक बाजू अधिवेशनाच्या दिवसांत मोर्च्यांसाठी राखून ठेवावी, वेळ ठरवून एकामागून एक मोर्चे तिथून जाऊ द्यावेत. संत्र्याच्या हंगामात बाजारातल्या गाड्यांची व्यवस्था लावता येते, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी शिस्तीत येते-जाते. हे शहर गर्दीला नवखं नाही. ज्या खात्याचं गाऱ्हाणं त्या खात्याच्या मंत्र्याने फाटकाबाहेर येऊन, उभ्याने का होईना, ते घ्यावं. जमावबंदीचा हुकूम निघालाच तर तो मराठीत, कारणांसह, त्या चौकात फलकावर लावावा. आणि अधिवेशन संपण्यापूर्वी प्रत्येक निवेदनाला सभागृहाच्या पटलावर लेखी उत्तर मिळावं. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाने वर्षातून एक अधिवेशन मागून घेतलं ते सरकार लोकांच्या जवळ यावं म्हणून. मुंबईहून सरकार आठशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून येतं आणि शेवटचा एक किलोमीटर तोडतं, हे त्या कराराच्या हेतूलाच धरून नाही.

त्या दिवशी टी पॉइंटवरून निघताना चिमूरच्या बाईंनी निवेदनाची एक झेरॉक्स माझ्या हातात दिली होती. "तुमी इथलेच हाये ना भाऊ, ठेवा." तीन पानं आहेत. मानधन, पोषण आहाराची थकलेली बिलं, निवृत्तीनंतरचं काहीतरी. वर पत्ता टाइप केलेला आहे: मा. मंत्री महोदय, महिला व बालविकास, विधानभवन, सिव्हिल लाइन्स, नागपूर. खाली उजव्या कोपऱ्यात पोच म्हणून शिक्क्यासाठी चौकोन आखलेला आहे. तो कोरा आहे.